पुलावरची शपथ

एगॉन टीमान यांना शपथ घालणारी मी काही पहिली नव्हे. पण घालून वर त्यांच्या बायकोची बोलणी खाणारी मात्र मीच पहिली. सांगते सगळं. पण आधी माणूस कळायला हवा, नाहीतर माझी चूक तेवढी तुमच्या लक्षात राहील.

आम्ही ब्याण्णव साली ठाण्याहून ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आलो. हेमचंद्रला युनिव्हर्सिटीत धातुशास्त्र शिकवायची नोकरी, मला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, आणि आमची ईशानी तेव्हा पाच वर्षांची. महिनाभरात मी दुकानं पालथी घातली होती, पण नवलकोल काही मिळेना; तो म्हणजे काय ते सांगता सांगता माझे हात दुखले. आणि एका सकाळी कपडे वाळत घालताना शेजारच्या कुंपणावरून एक हात वर आला. हातात पानांसकट हिरवागार नवलकोल! मी ओरडलेच. हातामागून एक लालबुंद टक्कल वर आलं.

"हे काय आहे, ठाऊक आहे?" टक्कल म्हणालं.

"ठाऊक? अहो, हरभऱ्याची डाळ घालून भाजी करते मी याची!"

"आम्ही पांढऱ्या सॉसमध्ये करतो."

"शी!" मी म्हटलं. झाली ओळख. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे माझं आधीपासूनचं. पण ते एवढे हसले की कुंपण हललं, आणि संध्याकाळी अजून चार नवलकोल दारात ठेवून गेले.

सगळी गल्ली त्यांना नुसतं एगॉन म्हणे. मीही तोंडावर तेच म्हणत असे. पण माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा, त्यामुळे मराठीत सांगताना 'ते'च तोंडात येतं. जर्मनीहून बावन्न साली बोटीने आले, दोन वर्षांच्या करारावर, आणि इथल्या जवळच्या पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात सदतीस वर्षं राहिले. भट्टी विझवली की तिच्या पोटात शिरायचं आणि जळालेल्या विटा काढून नव्या लावायच्या, हे त्यांचं काम. त्याच पहिल्या वर्षी स्थलांतरितांच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांना रोझेटा भेटली. ती इटलीची. आवाज माझ्यासारखा, म्हणजे तीन घरं ओलांडून जाणारा. "आमच्या दोघांकडे मिळून तेव्हा शंभर इंग्लिश शब्द होते," ती सांगायची, "त्यातले पन्नास याने कारखान्यातून शिकून आणलेले. ते चर्चमध्ये चालत नव्हते."

एगॉन दिवसभर शिट्टी वाजवत. वाफे खणताना, सायकलचं चाक काढताना, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना. ईशानीला त्यांनी विटांचं छोटं घर बांधून दिलं, खरा चुना लावून. आमच्या हेमचंद्रला पोलाद शिकवायचे ते तर वेगळंच. "प्रोफेसर, पुस्तकात सगळं बरोबर आहे," म्हणायचे, "फक्त भट्टीने पुस्तक वाचलेलं नसतं." हेमचंद्र ती वाक्यं वर्गात स्वतःची म्हणून खपवायचा. मला माहीत आहे.

आता मुद्द्यावर येते. पंच्याण्णवच्या मार्चमध्ये इथल्या राज्याची निवडणूक होती. इकडे मतदान शनिवारी आणि शाळेत. बाहेर शाळेला पैसे जमवायला पालकांचा सॉसेजचा स्टॉल. एगॉनच्या मुलींनी शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली असतील, तरी शेगडीवर उभं राहायचा मान त्यांचाच. मी शेजारी कांदे चिरत होते. आम्हाला अजून नागरिकत्व नव्हतं, तेव्हा मत कुठलं. एगॉन मात्र येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून रेल्वे, हॉस्पिटल, पाणी यांवर भाषण देत होते. रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणारा माणूस! दुपार झाली तरी शेगडी सोडून हलेनात.

"अहो, तुम्ही जाऊन मत देऊन या ना. मी बघते सॉसेज."

"मला मत नाही," ते म्हणाले आणि सॉसेज उलटली. "मी नागरिक नाही."

मी आ वासून बघत राहिले. त्रेचाळीस वर्षं या देशात! तेवढ्यात रोझेटा मत देऊन बाहेर आली आणि तिने माझ्या हातातली सुरी काढून घेतली, कारण तिला हातवारे करायचे होते. "त्रेसष्ट साली फॉर्म भरला. मुलाखत झाली, पत्र आलं. समारंभाच्या दिवशी हा मासे धरायला! चौऱ्याहत्तर साली तेच. अठ्ठ्याऐंशी साली तेच. आता चौथ्यांदा भरलाय मी. जर्मनीत होता तेव्हा मत द्यायचं वय नव्हतं, इथे आल्यावर परका. सहासष्ट वर्षांचा झाला, पद्मा, या माणसाने जन्मात एकदाही मत दिलेलं नाही. कारण काय, तर शपथ घेणार नाही!"

"का पण?"

"ते विचारू नकोस. लढाईतलं काहीतरी. चाळीस वर्षांत मलाही अर्धंच सांगितलंय."

एगॉन मान खाली घालून कांदे परतत होते. शाळेच्या दाराकडे त्यांनी एकदाच बघितलं. पण ते बघणं मी पाहिलं, आणि मला कळलं की या माणसाला आत जायचंय. फार जायचंय.

डिसेंबरात एकाच दिवशी दोन्ही घरांत पत्रं आली. सव्वीस जानेवारीला, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलिया डेला, सकाळी टाउन हॉलमध्ये नागरिकत्वाचा समारंभ. आम्ही तिघं, आणि पलीकडचे एगॉन. रोझेटा पत्र हलवत रस्त्यावर नाचली. एगॉननी स्वतःचं पत्र न उघडता टोमॅटोच्या कुंडीखाली ठेवलं. "बघितलंस?" रोझेटा मला म्हणाली. "मासे घाबरले असतील आत्ताच."

इकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा; त्या आठवड्यात ऊन असं तापलं होतं की रेडिओवर रोज वणव्याचे इशारे. छपराच्या पन्हळीत निलगिरीची वाळकी पानं साचली की ठिणगी पडायचा अवकाश. आमच्या पन्हळी तुडुंब. हेमचंद्र शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गरगरतो, त्यामुळे ते काम महिनाभर 'या शनिवारी' होत होतं. मी शिफ्ट संपवून दुपारी घरी आले, तर आमच्या छपराच्या अगदी कडेला, पायात रबरी चपला, एक पाय हवेत, एगॉन पानं उपसताहेत आणि शिट्टी वाजवताहेत!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उतरा खाली! आत्ताच्या आत्ता! पुन्हा या छपरावर चढलात तर माझी शपथ आहे तुम्हाला! माझं मेलेलं तोंड बघाल!" हे सगळं इंग्लिशमध्ये, जसंच्या तसं.

आता आपल्याकडे याचं काय एवढं? सिगरेटवरून हेमचंद्रला, चॉकलेटवरून ईशानीला, मी रोज कोणाला तरी शपथ घालत असते. कोणी फारसं मनावरही घेत नाही. पण एगॉनची शिट्टी बंद झाली. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. हळूहळू खाली उतरले, शिडी गवतावर आडवी ठेवली, आणि कुंपणाच्या फटीतून आपल्या घरी गेले.

चार दिवस शिट्टी ऐकू आली नाही. मला वाटलं, रागावले. मग वाटलं, मीच का आधी जाऊ? चूक त्यांची. पाचव्या दिवशी सकाळी रोझेटा दारात उभी. "काय केलंस तू माझ्या नवऱ्याला? जेवत नाही, पेपर वाचत नाही! शेडच्या पायरीवर बसून तुझ्या छपराकडे बघत असतो!" आणि मग इटालियनमध्ये बरंच. अर्थ कळला नाही, पण पोचलं. मी तशीच ईशानीला घेऊन तिच्या मागे गेले.

एगॉन पायरीवर होते. मला बघून उठले नाहीत, हसलेही नाहीत. "पद्मा," ते म्हणाले, "मी हो म्हणालो नव्हतो. पण तू तुझा जीव मध्ये घातलास. ही शपथ किती दिवस चालते?"

मला आधी हसू आलं. मग त्यांचे डोळे बघितले आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. "अहो, काही नाही हो ते. आमच्याकडे शपथ घातली तर सोडवताही येते. ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हणायचं. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच. लहान पोरंसुद्धा करतात."

"मग म्हण."

"सुटली!" मी म्हटलं.

त्यांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. आणि मग, रोझेटा दाराला टेकून उभी असताना, त्यांनी तिला चाळीस वर्षं न सांगितलेला उरलेला अर्धा भाग सांगितला.

पंचेचाळीसच्या जानेवारीत त्यांना सोळा वर्षं पूर्ण झाली. त्याच महिन्यात वर्गातल्या पोरांना शाळेच्या पटांगणात उभं केलं, हात वर करायला लावले, आणि मरेपर्यंत आज्ञा पाळीन अशी शपथ वदवून घेतली, एका माणसाच्या नावाने, ज्याला त्यांनी फक्त फोटोत पाहिलं होतं. अंगातला कोट एवढा मोठा की बाह्या तीनदा दुमडाव्या लागत. एप्रिलमध्ये सहा पोरांना एका कालव्यावरच्या छोट्या पुलावर नेलं. अधिकाऱ्याने पुन्हा एकदा शपथ घ्यायला लावली, की हा पूल सोडणार नाही. मग तो म्हणाला, मी हुकूम घेऊन येतो, आणि मोटारीत बसून निघून गेला.

"दुसऱ्या दिवशी एक म्हातारी बटाटे उकडून घेऊन आली," एगॉन म्हणाले. "म्हणाली, गाढवांनो, घरी जा, आया वाट बघताहेत. चौघं गेले. मी नाही गेलो. मी शपथ घेतली होती ना. माझा मित्र उवे माझ्याबरोबर थांबला. तो शपथेसाठी नाही थांबला, पद्मा. त्याला शपथेचं हसू यायचं. तो माझ्यासाठी थांबला. तिसऱ्या दिवशी सकाळी रणगाडे आले. दहा मिनिटं, फार नाही. उवे तिथेच मारला गेला. एका इंग्रज शिपायाने माझ्या हातातली बंदूक काढून घेतली, माझं वय विचारलं, आणि कपाळाला हात लावून तिथेच खाली बसला."

 ईशानी माझा हात घट्ट धरून होती.

"लोकांना वाटतं, शपथ मोडली म्हणून मला लाज वाटते," ते म्हणाले. "मोडली असती तर उवे आज आजोबा झाला असता. मी ती पाळली. म्हणून पुन्हा कुठल्याही माणसाच्या नावाने तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं. इथेही इंग्लंडच्या राणीच्या नावाने घ्यायला सांगत होते. तिच्या आणि तिच्या वारसांच्या. बाई चांगली असेल. पण मी तिला ओळखत नाही." मग माझ्याकडे वळले. "तुझी तू सोडवलीस. माझी ज्याने घातली तो मोटारीत बसून गेला. त्याला कुठून आणू?"

 उत्तर ईशानीकडे होतं. "मम्मी, तो ऑफिसर परत आलाच नाही ना? देन एनीवन कॅन से इट. दॅट्स द रूल."

असा नियम ठाण्याच्या आमच्या गल्लीत होता की नाही, देव जाणे. पण मला तो एकदम पटला. आणि त्याबरोबर असा राग आला! सोळा वर्षांच्या पोरांना शपथ घालतो आणि स्वतः गाडी काढतो? मला भेटला असता मेला, तर चपलेने मारलं असतं. "बरोबर आहे हिचं!" मी ओरडले. "आणि अहो, पोराकडून घेतलेली शपथ मुळात लागतच नाही! ऐका नीट. सुटली!"

"सुटली!" ईशानी ओरडली.

"काय म्हणायचं?" रोझेटाने डोळे पुसत विचारलं. मी सांगितलं. तिने दोन्ही हात आभाळाकडे केले आणि अशी काही "सूत्तली!" म्हणून आरोळी ठोकली की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. एगॉन आमच्या तिघींकडे आळीपाळीने बघत होते. मग त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण शब्द तोच होता. आणि मग तो सहा फुटी माणूस पायरीवर बसून हसायला लागला, आणि हसता हसता रडायला लागला, आणि रोझेटा त्यांच्या टकलाचे मुके घेत सुटली. मीही रडले. लपवायचं काय त्यात?

जरा वेळाने मी घरून माझं पत्र आणलं. त्यात समारंभात म्हणायचा मजकूर छापलेला होता. "वाचा तरी एकदा. तुम्ही म्हणता ते राणीचं यात नाही. गेल्या वर्षीच बदललंय, हेमचंद्र सांगत होता."

त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून सावकाश वाचलं. एका ठिकाणी बोट थांबलं. "ऑस्ट्रेलियाला आणि तिच्या लोकांना," ते म्हणाले. "लोकांना?"

"हो."

"नाव कोणाचंच नाही?"

"बघा ना तुम्हीच."

पुन्हा वरपासून वाचलं. "हं," म्हणाले, आणि पत्र मला परत दिलं. 'हो' नाही, की 'नाही' नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता डोक्यावर धपधप पावलं आणि शिट्टी! राहिलेली पन्हळ साफ होत होती. मी बाहेर येऊन तोंड उघडलं, आणि मिटलं. शपथ मीच सोडवली होती, आता बोलायची सोय नव्हती. निदान पायात या वेळी बूट होते.

सव्वीस जानेवारी. मी जांभळी पैठणी नेसले, हेमचंद्रने उन्हाळ्यात कोट घातला, ईशानीने परकर-पोलक्यावर हॅट. बाहेर पडलो तर फाटकाशी रोझेटा, नवा फुलाफुलांचा झगा, केस सेट केलेले आणि तोंड एवढंसं. "पहाटे चारला उठून गेला," ती म्हणाली. "गळ नेलाय."

मी तिला आमच्या गाडीत बसवलं.  हॉलमध्ये पुढच्या रांगा आमच्यासारख्यांच्या, नावाचे कागद चिकटवलेल्या. मागे पाहुणे आणि नातेवाईक. रोझेटा मागे जाऊन बसली. माझ्या डावीकडच्या खुर्चीवर 'ई. टीमान', आणि खुर्ची रिकामी. स्टेजवर महापौर गळ्यात पदाची सोन्याची साखळी घालून स्वागत करू लागले. मी दर दोन मिनिटांनी मागे वळून दाराकडे बघत होते. हेमचंद्र म्हणाला, "पद्मा, मान मोडेल." सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, कागद हातात घ्यायला सांगितलं, आणि तेवढ्यात दार करकरलं.

एगॉन! लग्नातला असावा असा करडा सूट, पोटावर बटण लागत नव्हतं, केस नाहीत तरी पाणी लावून टक्कल चकचकीत केलेलं, आणि अंगाला मासळीचा हलका वास. येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. "एकही मिळाला नाही," माझ्या कानाशी पुटपुटले. "कंटाळलो." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि थोबाडीतही.

"आता माझ्यामागून म्हणा," महापौर म्हणाले.

एगॉननी कागद डोळ्यांसमोर धरला. मग खाली केला. आणि स्टेजकडे पाठ करून सावकाश मागे वळले.

"सर, इकडे तोंड करा," एक कर्मचारी मुलगी हळूच म्हणाली.

"यात लिहिलंय लोकांना," एगॉन अदबीने म्हणाले. "लोक तर इकडे बसलेत."

 महापौरांनी जरा डोकं खाजवलं, मग मान डोलावली आणि पहिली ओळ वाचली. एगॉननी ती मागे म्हटली. दोन्ही हात कागदावर, एकही वर नाही. त्या जाड जर्मन उच्चारात, एकेका चेहऱ्याकडे बघत, कोणाला सुटू न देता. मीही वळले. "पद्मा, स्टेज तिकडे आहे," हेमचंद्र कुजबुजला. "असू दे," मी म्हटलं. पलीकडच्या व्हिएतनामी आजी हसत हसत वळल्या, मग त्यांचा मुलगा, मग रांगच्या रांग. हेमचंद्र सगळ्यांत शेवटी. समोर रोझेटा उभी होती. चाळीस वर्षं जिचा आवाज तीन घरं ओलांडून जायचा, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

शेवटची ओळ संपली.  टाळ्या वाजायच्या आधीच पाहुण्यांच्या मागच्या रांगेतला, अर्ध्या चड्डीतला एक म्हातारा, कोणाचा कोण माहीत नाही, मोठ्याने म्हणाला, "नो वरीज, मेट. आम्ही कुठे जात नाही."

एगॉन त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि आतल्या खिशात ठेवली.